टॉकीजमधला ऑपरेटर

माझे वडील आमच्या गावच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. तीनचा खेळ चालू असताना मशीनजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले. रीळ संपलं, पडदा पांढरा झाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि बऱ्याच वेळानं डोअरकीपर वर गेला. मी तेव्हा नववीत होते. टॉकीज आणखी काही वर्षं चालली, मग बंद पडली.

आता मी गावातच शिक्षिका आहे. यंदा शेगावहून एक बाई आमच्या शाळेत बदलून आल्या. मधल्या सुट्टीत डबा खाताना त्यांनी घरमालकिणीकडून ऐकलेली त्या टॉकीजची गोष्ट मला सांगितली. ऑपरेटरची बायको पळून गेली, म्हणून त्यानं रिळांना काडी लावून स्वतःला जाळून घेतलं. अजून दुपारी वरच्या खोलीतून मशीनचा आवाज येतो. ते माझे वडील, एवढंच मला सांगायचं होतं, पण सांगितलं नाही. मी त्यांना लोणचं वाढलं.

घरी आल्यावर आईला मात्र सगळं सांगितलं, तिच्या पळून जाण्यासकट. ती चिडेल असं वाटलं होतं. तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, "मशीनचाच आवाज येते म्हणतात का? त्यायचा नाही?"

रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघी टॉकीजवर गेलो. मागचं दार मोडलेलंच होतं. खुर्च्या कोणी कधीच उचलून नेल्या होत्या. आई कठडा धरून जिना चढली. वर मशीन नव्हतं, फरशीत त्याचे गंजके बोल्ट तेवढे होते आणि सगळीकडे कबुतरांची घाण. आई भिंतीला टेकून खाली बसली. तीन वाजले, साडेतीन वाजले. रस्त्यावरून एसटी जात होत्या. मला रडू येईल, याची मी वाट पाहत होते. आलं नाही.

"मले वाटलं होतं, असंन काहीतरी," आई म्हणाली. "चाल आता."

सोमवारी मी बाईंना सांगितलं, ते माझे वडील होते आणि आई माझ्याजवळच राहते. त्यांचा घास हातातच राहिला. त्या रडायलाच लागल्या, पुन्हा पुन्हा माफी मागू लागल्या. मी त्यांना पाणी दिलं, राहू द्या म्हटलं. घंटा झाली तशी वर्गावर गेले. सातवीला क्षेत्रफळ शिकवायचं होतं, ते शिकवलं.