हितं घोडा हाय

जनावराला हात लावला की मामा तो तळहात नाकाशी नेत, डोळे मिटत आणि मगच बोलत. "बाई, हिला ताप न्हाय. भ्याली हाय." सोलापुरातल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात ते परिचर होते आणि मी नवी डॉक्टर. माझं थर्मामीटर झटकून होईपर्यंत त्यांचं निदान झालेलं असे. अशा माणसांचा थोडा राग येतो, तुम्हालाही आला असेल. कारण ती बहुधा बरोबर निघतात.

उन्हाळ्यातली दुपार होती. पाय सुजलेली एक घोडी आवारात बांधलेली, बाकी शुकशुकाट. मामा पायरीवर चहा पीत होते. एकाएकी कप खाली ठेवून ते उभे राहिले.

"बाई, हितं घोडा हाय."

मी बाहेर पाहिलं. फाटकातून एक माणूस पांढरी घोडी आत आणत होता. घोडी आहे मामा, मी म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. चेहरा पार उतरला होता.

ती वरातीची घोडी होती. मालक नवी पेठेमागे राहायचा. सात वर्षं तिच्यावर नवरदेव बसले, शेंबडी पोरंसुद्धा तिच्या पोटाखालून जात, असं तो सांगत होता. चार महिन्यांपासून मात्र ती बदलली. शेजारच्या घोडीवर धावून जाई, दुसऱ्यांची लीद हुंगून वरचा ओठ उलटा करी. मान जाड झाली होती. गेल्या वरातीत तिनं एका वऱ्हाड्याचा खांदाच दातांत धरला. हिच्या अंगात कुणीतरी शिरलंय, हिला दारात आणू नकोस, असं त्याच्या आईनं बजावलं होतं. विकत कुणी घेईना. तिला दूर माळावर सोडून द्यायला तो निघाला होता आणि वाटेत, बघू तरी म्हणून, आमच्याकडे वळला होता.

तो बोलत असतानाच बांधलेल्या घोडीकडे बघून ती खिंकाळली. लांब, खोल, छातीच्या तळातून. तो आवाज मी नर घोड्यांचा ऐकला होता, घोडीच्या तोंडून कधीच नाही. बांधलेली घोडी थरथरत दावं ओढू लागली.

जनावर जखडून धरायच्या लोखंडी खोड्यात घेऊन मी तिला आतून तपासलं. डाव्या अंडाशयाच्या जागी नारळाएवढी गाठ हाताला लागली. उजवं अंडाशय आक्रसून सुपारीएवढं झालेलं. मालकाला समजावलं, की ही गाठ नराचं संप्रेरक तयार करते, ते रक्तातून अंगभर जातं, म्हणून घोडी घोड्यासारखी वागते. दुसरं अंडाशयही त्या गाठीनंच निजवलंय. रक्त पुण्याला तपासायला पाठवू, मग गाठ काढू. तोवर हिला ठेवायची कुठं, असं त्यानं विचारलं.

"ऱ्हाऊ द्या हितं. मी बघतो," मामा म्हणाले.

मागच्या शेडमध्ये तिला ठेवली. मामा पाण्याची बादली घेऊन आत जात ते भिंतीला पाठ लावून. ती कान पाडून त्यांच्याभोवती फिरत राही. एवढे घाबरता तर जबाबदारी घेतलीत कशाला, असं मी शेवटी विचारलं.

त्यांनी बादली खाली ठेवली.

"माझा थोरला भाऊ बार्शीकडं एका बागायतदाराच्या घोड्यावर कामाला व्हता. त्या घोड्यानं त्याला गव्हाणीवर दाबून मारला. मी दारात व्हतो. चाळीस वर्सं झाली, बाई. ह्योच वास व्हता."

मग हिला का ठेवून घेतलीत?

"हिचा काय दोष? त्यो हिच्यात कुटनं आला, हिला तरी ठावं हाय का?"

रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉन घोडीत असावं त्याच्या कितीतरी पट. माझ्या कॉलेजातले सर येऊन उभ्या उभ्याच शस्त्रक्रिया करून गेले. ती चालू असताना मामांनी तिचं डोकं छातीशी धरून ठेवलं होतं. गाठ चिरून पाहिली तर आत पोळ्यासारखी भोकं, त्यांत तांबूस पाणी. मामा वाकून पाहत होते.

"ह्यात दुसरं कुणी न्हाय ना?"

नाही मामा, तिच्याच पेशी आहेत, वाट चुकलेल्या. त्यांनी मान डोलावली. पण गाठ स्वतःच नेऊन शेडमागे पुरली. खड्डा गरजेपेक्षा फार खोल होता.

त्यानंतर रोज सकाळी ते तिच्या मानेवर हात फिरवून हुंगत आणि म्हणत, "अजून हाय." दुसऱ्या रक्ततपासणीत सगळं उतरलेलं होतं. तसं मी त्यांना सांगितलं. "कागदातनं गेला आसंल," ते म्हणाले. आणि खरंच, कितीतरी दिवस शेडमधून मधूनच तो खोल आवाज येत राहिला. माझ्या अंगावर काटा येई. पुस्तकात कारण होतं, संप्रेरक गेलं तरी वागणं मागे रेंगाळतं. तरीही काटा येई.

एका सकाळी त्यांनी हात नाकाशी नेला आणि तो तिथंच राहिला.

"गेला," ते म्हणाले. मग तिच्या मानेला कपाळ टेकवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. घोडी स्तब्ध होती. मी आत निघून आले.

मालक घोडी घेऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा माजावर आल्याचं त्यानं फोन करून कळवलं. मामा तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. गेल्या वर्षी ते वारले, तेव्हा मी भेटायला गेले. सुनेनं चहा दिला आणि भिंतीवरचा एक फोटो दाखवला. हा फोटो मामंजींच्या ट्रंकेत कायम दुमडून असायचा, ती सांगत होती, त्यांच्या थोरल्या भावाचा चेहरा तेवढा वर. निवृत्त होऊन घरी आल्यावर त्यांनी तो स्वतः उलगडला आणि काच घालून आणला.

हसऱ्या तरुणाच्या हातात लगाम होता. फोटोच्या मधोमध घडीची पांढरी रेघ, आणि तिच्या पलीकडे एक काळा घोडा, कान टवकारून सरळ माझ्याकडे बघणारा.