गावंडे सरांची चुंबक शाळा

गावंडे सर गेल्याचं मला मंगरूळपीरच्या बसस्टँडबाहेर कळलं. मी मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बसले होते. आमच्या वस्तीतला सुनील, सरांच्याच हाताखाली शिकलेला, रस्त्याच्या कडेला ऑटो लावून आला आणि म्हणाला, "आजी, सर गेले. सकाळी दूध आणाले निघाले, दारातच बसले ते उठलेच नाही." मी म्हटलं, "मंग मी काय करू?" टोपल्यात थोड्या जुड्या उरल्या होत्या. त्या विकल्या आणि मग उठले. सरांच्या घरी पोचले तोवर माणसं मातीवरून परत येऊन पाय धूत होती. याला आता महिना झाला. जो तो सरांबद्दल चांगलं बोलतो. माणूस चांगलाच होता, त्यात वाद नाही. पण आमच्या वस्तीची शाळा त्यांच्यामुळे बंद पडली, आणि हे कोणी बोलत नाही म्हणून मी सांगते.

आमची वस्ती चाळीस घरांची. शाळा दोन खोल्यांची, पहिली ते पाचवी. मी तिथं पोरांची खिचडी शिजवत असे. चुलीजवळून वर्ग सरळ दिसायचा. सर आले तेव्हा शाळेत सामान म्हणून एक नकाशा आणि फुटकी घंटा होती. त्यांनी मांडवातल्या फुटक्या भोंग्यातलं काळं चुंबक आणलं, वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडाचा भुगा आणला. चुंबकावर कागद ठेवून भुगा टाकायचा आणि बोटानं टकटक करायचं. भुगा आपोआप रेघांमध्ये बसायचा. मी चौथी शिकलेली, मला असलं कोणी दाखवलं नव्हतं. डाळ खाली लागेपर्यंत मी पाहत उभी राहिले. सर पोरांना घरून वस्तू आणायला लावत. प्रत्येक वस्तू चिकटेल की नाही हे आधी सांगायचं, मग चुंबक लावायचं, आणि चिकटलेल्या व न चिकटलेल्या वस्तूंचे दोन ढीग करायचे. एकदा मला म्हणाले, "मावशी, तुमच्या कंबरेचा छल्ला द्या जरा, चांदी चिकटत नाही हे दाखवतो पोट्ट्यायले." तो छल्ला माझ्या लग्नात भावानं दिलेला. चुंबक जवळ नेलं आणि छल्ला टपकन चिकटला. पोरं हसायला लागली. सरांचं तोंड उतरलं, म्हणाले, "मावशी, माफ करा." मी म्हटलं, "तुमी काहून माफी मांगता? भाऊ तर माहा लबाड होता." त्या दिवसापासून छल्ला कुलपाच्या किल्लीला लावला.

माझी नात पूनम त्याच वर्गात होती, तिसरीला. एका मोठ्या पोरानं स्टीलचा गिलास आणला आणि सांगितलं, हा चिकटणारच. पूनम म्हणाली, नाही चिकटणार. तो म्हणाला, "तुले काय समजते वं? स्टील म्हणजे लोखंडच." ती म्हणाली, "आमच्या घरच्या ताटाले जंग लागते, गिलासाले लागत नाही. सगळं स्टील एक कसं असन?" गिलास चिकटला नाही. तिनं घरून ताट आणलं, ते चिकटलं. सर मला चुलीजवळ येऊन म्हणाले, "मावशी, हे पोट्टी मी सांगतलं तेवढं ऐकत नाही, सोता पाह्यते. इले शिकवा." मी म्हटलं, "शिकवाले तुमाले पगार भेटते, मले काहून सांगता?" असं बोलले, पण मला बरं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी रस्त्यावरच्या मोठ्या गावात सरकारनं मोठी शाळा केली, आठवीपर्यंत. विज्ञानाची खोली, कॉम्प्युटर, पोरांना न्यायला गाडी. बाहेरच्या देशात अशा शाळेला चुंबक शाळा म्हणतात, चांगलं शिक्षण ठेवलं की पोरं गावोगावाहून ओढली जातात, असं मीटिंगमध्ये कोणी साहेब बोलले. सरांना ते फार पटलं. ते घरोघर फिरले. आमची सगळी पोरं त्या शाळेच्या परीक्षेला बसवायची असं त्यांनी ठरवलं. शाळा सुटल्यावर ओट्यावर बसवून ते त्यांची तयारी करून घेत, रविवारीसुद्धा. दुसरा मास्तर असता तर दोन हुशार पोरं निवडून गप्प बसला असता. यांनी एकोणीसच्या एकोणीस पोरांवर मेहनत घेतली, त्यातली अकरा निवडली गेली. गावानं सरांना हार घातला. जूनमध्ये शाळेत आठ पोरं उरली आणि पट कमी म्हणून शाळा बंद करण्याचा कागद आला. सरांना त्याच मोठ्या शाळेत नेमणूक मिळाली. उरलेल्या आठांना चार किलोमीटरवरच्या गावी जायला सांगितलं, मध्ये नाला. पावसाळ्यात दोनच पोरं जात राहिली. दिवाळीनंतर एकही नाही.

त्या आठांत पूनम होती. ती नापास झाली नव्हती, परीक्षेला बसलीच नव्हती. दिवाळीनंतर माझा पोरगा आणि सून ऊस तोडायला गेले आणि धाकट्याला सांभाळायला तिला बरोबर नेलं. न्या म्हणून मीच सांगितलं होतं. सर दारात उभे राहून म्हणाले, "मावशी, दोन महिने ठेवा तिले. परीक्षा होऊ द्या." मी म्हटलं, "शाळा कुठं पळून चालली? उन्हाळ्यात येईन, मंग बसन." ती आली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती, आणि जूनमध्ये शाळाच राहिली नाही. म्हणजे चूक माझीही. पण माझ्या चुकीनं एक पोरगी घरी बसली, त्यांच्या चुकीनं आठ. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि मग तीन वर्षं बोलले नाही.

मागच्या पावसाळ्यात ते माझ्या टोपल्यासमोर येऊन उकिडवे बसले. केस पांढरे झाले होते. मी म्हटलं, "मेथी पाह्यजे असन तर घ्या." ते म्हणाले, "मेथीसाठी नाही आलो. पूनमले चौदा पूर्ण व्हाले किती दिवस हायेत?" मी सांगितलं, पौषात होतील. "मंग आत्ता आणा. चौदाच्या आत हाये तवरच वयाप्रमाणं आठवीत बसवता येते. मागचं सगळं मी शिकवीन, संध्याकाळी." मी जुड्यांवर पाणी मारलं. मग म्हणाले, "मावशी, ओढली त्या पोट्ट्यायले मोजत राह्यलो मी... राह्यलेला ढीग मी पाह्यलाच नाही." मी म्हटलं, "आता पाहून काय करता? पूनम आता ऊस तोडाले जाते." त्यांनी चार जुड्या घेतल्या. त्यांच्या घरी दोनच माणसं, चार जुड्या कशाला लागतात? पण घेतल्या. तीच शेवटची भेट. पूनमला मी हे सांगितलंही नाही. ताठा, दुसरं काय.

सर गेल्यावर पंधरा दिवसांनी मी पूनमला घेऊन त्या शाळेत गेले, पहिल्यांदाच. मुख्याध्यापक सभ्य होते. कागद पाहिले आणि म्हणाले, "आजी, पंधरावं चालू हाये तिचं. आता आमच्या हातात नाही. बाहेरून परीक्षा देता येईन, पण शिकवन कोण? गावंडे सर असते तर..." मी म्हटलं, "ते होते तवा मी आले नाही." त्यांनी कागद परत दिले. मग आलाच आहात तर सरांची खोली पाहून जा, असं त्यांनीच सांगितलं.

खोली चांगली होती. भिंतीला लांब लाकडी कपाट, त्यात चुंबकं, सुया, तारा, बल्ब. प्रत्येक वस्तूखाली सरांच्या अक्षरात चिठ्ठी: याला उलटं लटकवून पहा, ही सुई एकाच बाजूनं घास, याचे दोन तुकडे केले तर काय होईल ते आधी सांग. चिठ्ठ्या सगळ्या खाली लावलेल्या, नऊ-दहा वर्षांच्या पोरांना उभ्यानं वाचता येतील अशा. पूनम दारात थांबली होती, मग आत आली. उसानं कापलेले हात तिनं ओढणीला पुसले. उभ्यानं तिला वाचता येईना. ती जमिनीवर बसली आणि पहिल्या चिठ्ठीपासून वाचू लागली, एकेक करून, बसल्या जागी पुढे सरकत. शिपाई कुलूप घेऊन आला तेव्हा अर्धं कपाट वाचायचं राहिलं होतं.