दाराला डकवली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, निवृत्तीच्या दिवशी हार घालणाऱ्या सोबत्यांनाही नाही — आणि त्यांना सांगायचं तरी कशाला? त्यांच्यातले निम्मे तेच करत होते.

मी नाशिकच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. समन्स घेऊन गावोगाव जायचं, ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. माणूस नसेल तर घराच्या दाराला डकवायचं, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. हरसूलकडचे पाडे डोंगरात, एसटीतून उतरून दोन तास चाल. कोण जातो? आम्ही स्टँडवरच चहा घ्यायचो, टपरीवरच्या दोघांच्या सह्या घ्यायचो आणि लिहायचो — 'घर बंद, प्रत दाराला डकवली.' दावे वीस-वीस वर्षं रेंगाळायचे, तेव्हा कुणाचं काय बिघडतंय? असं मीच मला सांगायचो.

मग दिल्लीत संसदेनं दिवाणी कायदा सुधारला. दोन हजार दोन साल. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर नव्वद. लोकांना न्याय लवकर मिळावा म्हणून — हेतू चांगलाच होता. आमची सवय मात्र तीच राहिली.

सोनीबाई नावाची एक विधवा. तिच्या घरावर आणि भाताच्या खाचरांवर चुलत दिरानं दावा लावला. तिचं समन्स माझ्याकडे आलं, आणि मी ते टपरीवर बसून बजावलं. ती तेव्हा निफाडला द्राक्षं तोडत होती. परत आली तोवर मुदत उलटून एकतर्फी निकाल लागलेला.

निकाल रद्द व्हावा म्हणून तिनं अर्ज केला. मला साक्षीला बोलावलं. शपथ घेऊन मी सांगितलं, दाराला डकवली. तेव्हा ती मागच्या बाकावरून उठली.

"माझ्या घराला दार कुठंय, साहेब? बांबूची तट्टी हाय. जगायला मजुरीवर जातो तवा ती बी काढून नेतो."

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. खरं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता — नव्हता का? नोकरी गेली असती, बहुतेक. मी म्हणालो, दार म्हणजे दाराजवळचा खांब, त्याला डकवली. किती सहज सुचलं ते! त्यांनी माझं मानलं. अर्ज फेटाळला गेला.

पुढं ताब्याचं वॉरंट निघालं, तेही माझ्याच हाती आलं. त्या दिवशी मी तो पाडा पहिल्यांदा चढलो. वर पोचलो, धाप लागली होती, समोर दिसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, सोनीबाईचं घर कुठलं?

ती तिथंच उभी होती. सगळा पाडा ऐकत होता. काय विचारून बसलो ते मला कळलं, तिलाही कळलं. हात करून तिनंच घर दाखवलं.

भांडी बाहेर काढली. तट्टी सोडली. दिराला ताबा दिला. अहवाल तिथंच दगडावर बसून लिहिला — तो अक्षर न् अक्षर खरा आहे.