आगारीत नसलेलं नाव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जाते ती प्रेमापोटी, असं कुणी समजू नये. आई-वडील गेल्यापासून मोताळ्याजवळच्या आमच्या गावात माझ्या प्रेमाचं कुणी उरलेलं नाही. मी जाते कारण त्या दिवशी घरातल्या मेलेल्यांना जेवू घालतात, आणि ते काम आमचे लोक कसं करतात यावर मला लक्ष ठेवायचं असतं.

यंदा चुलतभावाने नवंच खूळ काढलं होतं. दादा पुण्याला असतो. तिथे निवृत्त झाल्यावर त्याला एकाएकी घराण्याचा पुळका आला. तीन पायांच्या स्टँडवर फोन उभा करून तो आपल्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, आठवणी उतरवून घेत होता. ‘पुढच्या पिढीसाठी आहे हे,’ असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पुढची पिढी आतल्या खोलीत पंख्याखाली घोरत पडली होती.

काका ऐंशीच्या पुढचे. टोपी सावरून बसले होते. दादाने विचारलं, “मळ्यातली विहीर कशी खोदली, ते सांगा.”

“आमच्या बापानं खंदली,” काका म्हणाले. “काळा दगड लागला. लोक म्हने सोडून द्या. पन माहा बाप हटला नाही.”

मी चहा घेत होते. कप खाली आपटला.

माझा आजा हटला होता. चांगलाच हटला होता. दगड लागल्यावर तो मारुतीच्या पारावर जाऊन बसला, तो पाणी लागल्यावरच उठला. विहीर पुरी केली ती माझ्या आत्याने. नवऱ्याने दुसरी केली म्हणून ती सासर सोडून आलेली. गडीमाणसांच्या बरोबरीने ती खाली उतरायची, पहार चालवायची, सुरुंगाने फुटलेला दगड टोपल्यात भरून वर धाडायची. हे मला आईने सांगितलेलं आहे. आई त्या वर्षी नवी सून होती आणि विहिरीवर भाकरी तीच न्यायची. पुढे आम्हा भावंडांना वाढवलं तेही आत्यानेच. आई शेतात, आत्या आमच्या मागे. तिच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती; कडबा कापायच्या यंत्रात गेली, असं ती सांगायची. त्या हाताची चापट फार लागायची.

“काका, आजा कुठी होता त्या वक्ती?” मी विचारलं.

दादाने फोन थांबवला. “ताई, मध्ये बोलू नकोस ना. परत घ्यावं लागतं सगळं.”

“घे ना मंग परत. खरं घे.”

“लोकांना गोष्ट सोपी लागते,” तो म्हणाला. गळ्यात रुमाल घालून आलेला हा माणूस लहानपणी आत्याच्या पाठीवर बसून मळ्यात जायचा. तिचं नाव वगळल्याने गोष्ट सोपी होते, हे त्याला पुण्यात कुणी शिकवलं कोण जाणे.

दुपारी आगारी टाकायची वेळ झाली. आमच्याकडे ओसरीवर गोवऱ्यांचा विस्तव करतात. घरातला वडील पुरुष एकेका पितराचं नाव घेऊन तुपात बुडवलेला घास विस्तवात टाकतो. शेजारी पाण्याने भरलेली नवी घागर, तिच्यावर आंबा. काकांनी सुरुवात केली. आजा, आजी, चुलते, माझे वडील, माझी आई. दादा वाकून वाकून विस्तवाचं चित्रण करत होता. आईच्या नावापाशी काका थांबले आणि त्यांनी हात धुवायला तांब्या मागितला.

दर वर्षी असंच होतं. लेकीचं नाव माहेरच्या आगारीत घेत नाहीत, तिला सासरी जेवू घालतात. आत्याच्या सासरी सवतीचे नातू नांदतात. ते हिला कशाला घास टाकतील? म्हणजे मेल्यावरही ही बाई दोन घरांच्या मधे उपाशी उभी. दर वर्षी मी गप्प राहायचे. त्या दिवशी डोक्यात सणक गेली होती.

“आत्या राह्यली,” मी म्हणाले.

“रीत नाही तशी,” दादा म्हणाला.

“तिनं खंदलेल्या विहिरीचं पानी प्यायची रीत आहे न तुमची? विस्तव इझू देऊ नोका. घ्या नाव, काका.”

“ताई, तमाशा करून राह्यली का बे तू!” चिडल्यावर दादाचं पुणं गळून पडतं.

काकांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, “नाव घ्यायले तोंड लागते, पोरी. मले नाही ते.”

“काऊन?”

“तिचे बोटं कडब्याच्या यंत्रात नाही गेले. विहिरीत गेले. सुरुंगाचे सारे बार उडाले म्हून मीच वरून ओरडलो होतो. मोजलेच नव्हते. एक राह्यला होता. गडी जेवाले गेले होते, खाली ती एकलीच उतरली. तिची पहार लागली त्याच्यावर.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “बाप मले मारन म्हून तिनंच यंत्राचं सांगतलं साऱ्याइले. मरेपर्यंत तेच सांगतलं.”

आम्हालाही तिने तेच सांगितलं होतं. आईलाही.

इथे मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. तिने यांची चूक आयुष्यभर झाकली आणि यांनी त्या बदल्यात तिलाच झाकून टाकलं. ती गोष्टीत आली की बोटं येणार, बोटं आली की हे येणार. म्हणून पारावर बसलेल्या बापाच्या हातात पहार दिली.

“सरका,” मी म्हणाले. बाईने आगारी टाकायची नसते. मी पुरणपोळीचा तुकडा तोडला, तुपात बुडवला आणि तिचं नाव घेतलं. मोठ्याने, फोनकडे तोंड करून.

“हे मी कापणार आहे,” दादा म्हणाला.

“काप. गावात साऱ्याइच्या घरी जाऊन सांगतो मी.”

मी घास टाकणार तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, अडवतायत. मी हात हिसडला.

“पुरन नाही आवडे तिले,” ते म्हणाले. “कळन्याची भाकर टाक. ठेचा लावून.”

मी तिच्या हाताखाली वाढले आणि मला हे माहीत नव्हतं. या माणसाला सगळं माहीत होतं, आणि इतक्या आखाज्यांत त्याने तिला एक घास टाकला नव्हता.