सासऱ्यांना सोडियम म्हणालो, त्याची गोष्ट

चहा निवला तर निवू द्या, पण आधी माझी फजिती ऐका. सासरेबुवांना मी तोंडावर सोडियम म्हटलंय! तेही ते सासरे व्हायच्या आधी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बंगळुरात, के. आर. पुरमला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो. लग्न काही केल्या जमत नव्हतं. मल्लेश्वरममधल्या आपल्याच मराठी माणसांतली मुलगी बघायला निघालो, तर अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, ऑटोतच दम भरला, "तोंड स्वल्पच उघड. आणि केमिस्ट्री अजिबात नाही! हे स्थळ गेलं तर मी पुन्हा कुठं शब्द टाकणार नाही."

"सरी, अक्का, बरं."

मुलगी, सुमन, उप्पिटाच्या बशा ठेवून आईशेजारी बसली. मला ती बघताक्षणी आवडली, खोटं कशाला बोलू! अक्काने एक घास खाऊन बशी खाली ठेवली. मी मात्र मान खाली घालून सगळं चाटूनपुसून साफ केलं.

तिच्या वडिलांनी सहज विचारलं, "सध्या काय शिकवताय?"

आता इथं गप्प बसावं की नाही? छे!

"आयनिक बंध! हे बघा, सोडियमच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. तो कुणाला देऊन टाकेपर्यंत त्याला चैन नाही. क्लोरीनकडे सात, त्याला आठवा हवाच. म्हणजे कन्यादानच की हो! तुम्ही सोडियम, आम्ही क्लोरीन."

अक्काने माझा पाय दाबला. मला वाटलं, चुकून लागला.

"म्हणजे पोरगी खपवल्याशिवाय मला चैन नाही म्हणता?" वडिलांचा आवाज चढला.

"तसं नाही हो! सोडियम मुळातच तापट. पाण्यात टाकला तरी पेट घेतो."

"आणि तुमचा तो क्लोरीन?" आईंनी घाबरत विचारलं.

"विषारी वायू," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

अक्काने कपाळाला हात लावला. वडील ताडकन उठले. गेलं स्थळ!

तेवढ्यात सुमन म्हणाली, "अप्पा, देवघेव झाल्यावर पुढं काय होतं, ते तरी ऐकून घ्या."

"देणाऱ्यावर धन प्रभार येतो, घेणाऱ्यावर ऋण," मी चाचरत म्हणालो. "मग दोघं एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. ना आग, ना विष. त्यांचं होतं मीठ. आपलं रोजच्या जेवणातलं."

सुमन एकदम लालबुंद झाली आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. संध्याकाळी निरोप आला, मुलीचा होकार आहे!

पुढं कितीतरी वर्षं मी हा धडा छाती फुगवून शिकवला. आयनिक बंधावर बायको मिळवलेला माणूस मी! एकदा घरी पाहुण्यांसमोर हेच सांगत होतो, तर सुमन म्हणाली, "कसला बंध न्‌ कसलं काय! अहो, त्या दिवशी गडबडीत उप्पिटात मी मीठच घातलं नव्हतं. अक्कांनी बशी खाली ठेवली, माझा जीव अर्धा झाला. तुम्ही मात्र हूं की चूं न करता सगळं संपवलंत. म्हटलं, असा माणूस पुन्हा मिळायचा नाही."

खरंच सांगतो, त्या अळणी उप्पिटाचे उपकार मी जन्मभर फेडू शकणार नाही. तिच्यासारखी बायको मला दुसऱ्या कशानं मिळाली असती?

फक्त विद्यार्थ्यांना सांगू नका. त्यांचा केमिस्ट्रीचा मास्तर मिठावर व्याख्यान देत होता, आणि आपण खाल्लं त्यात मीठच नाही, हे त्याला कळलं नव्हतं!