डाव्या हाताचं पीठ

तराजूकाकांच्या बेकरीत तराजू नव्हता, म्हणूनच गल्लीनं त्यांना हे नाव ठेवलं होतं. कणकेचा गोळा तोडायचा, तळहातावर एकदा उडवायचा आणि म्हणायचं, "अडीचशे." ज्याला पटत नसेल त्यानं समोरच्या किराणा दुकानात तोलून यावं. बरेच जण गेले आणि तोंड पाडून परत आले. चाळीस वर्षं हेच चालू होतं. माणूस फटकळ, पण पाव असा की भांडणारेसुद्धा दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर.

त्यांची नात चिमी. वय वर्षं सात, बडबड सत्तर वर्षांची. तिला चौथ्या वर्षापासून फिट यायच्या. बोलता बोलता डोळे वर जायचे, हातातला पेला खाली पडायचा, दिवसातून चार-पाच वेळा. तीन औषधं झाली, फिट काही हटेनात. शेवटी मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधं चालूच ठेवू, पण आता हिचं खाणं बदलून बघू. तीन महिने. फरक पडला नाही तर थांबवू."

"खाण्यानं कधी फिट थांबतात होय?" काकांनी विचारलंच.

"तुमची भट्टी कशावर चालते?"

"आधी लाकडावर होती. आता गॅसवर."

"मेंदूलाही जळण लागतं. एरवी तो साखर जाळतो. पाव, बटाटा, सगळ्याची शेवटी साखरच होते. ती जवळजवळ बंद केली आणि लोणी, साय, तेल वाढवलं, की शरीर चरबीपासून दुसरं जळण बनवतं. त्यावर काही मुलांच्या फिट कमी होतात. सगळ्यांच्या नाही. पण एकेक ग्रॅम मोजायचा, आपल्या मनानं काहीही करायचं नाही."

जळणाचं काकांना लगेच पटलं. ग्रॅमचं मात्र हसूच आलं.

मोजायचं काम अर्थातच सुनेच्या गळ्यात पडलं. मुलगा ट्रक चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी. सून सकाळी उठून चिमीची लघवी पट्टीवर तपासायची. पट्टी गडद जांभळी झाली म्हणजे शरीर नव्या जळणावर चालतंय. मग वाटीवाटीतून साय, अंडं, भाजी तोलायची. पीठ-साखर दिवसभरात मिळून दहा ग्रॅम, बस्स! पट्टीचा रंग आणि प्रत्येक फिट ती वहीत लिहायची.

आणि खरंच, फिट कमी झाल्या. पाचव्या आठवड्यापासून तर लागोपाठ नऊ दिवस वहीतला फिटचा रकाना कोरा.

पण चिमी हिरमुसली होती. आजोबांची बेकरी, आणि तिला पावाचा तुकडासुद्धा नाही! काकांनी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंचं डोकं खाल्लं, तेव्हा बाईंनी बदामाची पूड, लोणी, साय आणि अंड्याचा छोटा केक ग्रॅममध्ये लिहून दिला. काकांनी मुकाट्यानं वजनकाटा विकत आणला. गल्ली तो बघायला लोटली. "आता सूर्य पश्चिमेला उगवणार!" किराणावाला म्हणाला. काकांनी त्याला दुकानाबाहेर काढलं.

दर बुधवारी आणि शनिवारी एक छोटा केक व्हायचा. अर्धा संध्याकाळी, अर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी. चिमी बोटं चाटून खायची आणि काका तिच्याकडे बघत बसायचे.

दुसऱ्याच आठवड्यात फिट परत आल्या. पट्टी फिकी पडू लागली.

काकांचं डोकं फिरलं. "सूनबाई, तुझाच हात कुठेतरी सैल पडतोय. लेकरू रडलं की देतेस काहीतरी तोंडात!" एकदा नाही, रोज. जेवताना, दारात, शेजारणीसमोरसुद्धा. सून रडायची ती मोरीत, नळ सोडून. तीन महिने भरत आले होते. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं, आणि अशीच वही घेऊन गेलं तर खाणं बंद होणार हे सगळ्यांना दिसत होतं.

शनिवारी दुपारी सून वही घेऊन बेकरीत आली आणि उलट्या खोक्यावर बसली.

"काय काम काढलंस?"

"बाबा, फिट जास्त करून गुरुवारी आणि रविवारी येतात. आज केक कसा करता ते बघते."

"माझ्यावर पहारा?" काका कडाडले. "बघ, डोळे फाडून बघ!" त्यांनी बदामाची पूड तोलली. लोणी तोललं, साय तोलली. एका ग्रॅमचीही चूक नाही. मग डब्याला आतून लोण्याचा हात फिरवला.

"बाबा, हे काय टाकलंत?"

"कुठे काय टाकलं?"

"आत्ता. डाव्या हातानं."

काकांनी हाताकडे बघितलं. बोटं पांढरी होती. डब्याला लोणी लावलं की पिठाच्या पिंपात हात घालायचा, मूठभर पीठ टाकायचं, डबा फिरवून झटकायचा, म्हणजे केक चिकटत नाही. हे ते चाळीस वर्षं करत होते आणि आपण करतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तो हात कोणाला विचारून थोडाच जायचा!

सुनेनं तसाच दुसरा, नुसतं लोणी लावलेला डबा मागितला, दोन्ही काट्यावर ठेवले. सहा ग्रॅमचा फरक. दिवसाला दहाच चालत होते, ते आधीच मोजून भरलेले; त्यावर केकमागे हे सहा.

काकांनी पिठाच्या पिंपावर झाकण ठेवलं. बेकरी चालू असताना असं कधी झालं नव्हतं.

सोमवारी दवाखान्यात सुनेनं तोंड उघडायच्या आत काकाच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, घोळ माझ्या हातून झाला. हिनं एक ग्रॅम चुकवला नाही. माझ्यापायी पोरीचं खाणं बंद करू नका." डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, वही चाळली आणि आणखी तीन महिने दिले.

केक आता घरच्या ओट्यावर होऊ लागला, डब्यात लोणी लावलेला कागद घालून. करताना काका डावा हात खिशात ठेवायचे.

पाच आठवड्यांनी सून पुन्हा बेकरीत आली. भट्टी भरलेली होती. तिनं वही उघडून त्यांच्यासमोर धरली. "बाबा, महिना कोरा गेला."

काका पिठाच्या पोत्यावर मटकन बसले आणि ढसाढसा रडले. "मी तुला काय काय बोललो गं."

"बोललात खरं," सून म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "शेजारणीसमोर बोललात."

"तिच्यासमोरच माफी मागतो. चल."

"आधी भट्टी बघा, पाव करपतायत."

"करपू देत."

ते उठून तसेच शेजारणीच्या दारात गेले. त्या दिवशी गल्लीनं चाळीस वर्षांत पहिल्यांदा करपलेला पाव खाल्ला, आणि कोणी चकार शब्द काढला नाही.