व्याह्यांचा नारळ

माझ्या व्याह्यांसारखा माणूस देवाने एकच घडवला, आणि घडवून झाल्यावर देवही दचकला असणार. मी तशी सहजासहजी दचकणारी बाई नाही. चौथीपर्यंत शिकले, लग्न होऊन दिल्लीत आले, आधी लक्ष्मीबाई नगरच्या आणि मग आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत संसार केला. बदल्या पाहिल्या, दंगे पाहिले, जूनमध्ये पाण्याच्या टँकरपाशी होणाऱ्या मारामाऱ्याही पाहिल्या. पण लेकीच्या सासऱ्यांकडे गेले आणि तोंडाचा आ न करता परत आले, असं एकदाही झालेलं नाही.

केंद्र सरकारात त्यांनी आयुष्यभर फायलींवर सह्या केल्या. बरोबरीचे लोक रिटायर झाल्यावर पुण्याला गेले, ह्यांनी गुडगावच्याही पुढे, हरियाणातल्या एका लहानशा गावात घर बांधलं. तिथे मराठी माणूस औषधालाही नाही. बायको आधीच गेलेली, मुलगा आणि सून, म्हणजे माझी लेक, गुडगावच्या फ्लॅटमध्ये. अशा वेळी माणूस देवपूजेला लागतो किंवा सोसायटीच्या भांडणांत पडतो. हे कलावंतांच्या मागे लागले. "विहीणबाई, इथे घराघरात कलावंत आहे हो, फक्त त्यांना कोणी विचारत नाही," असं मला फोनवर ओरडून सांगितलं. मी म्हटलं, "त्यांना कोणी विचारत नाही हे खरं. पण तुम्हाला तरी कोणी विचारलं का?" त्यांना टोमणा कळत नाही. तो दगडाला मारावा आणि आपणच हात चोळत बसावं.

पहिल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, तर नव्या रंगाच्या बैठकीच्या भिंतीवर, टीव्हीच्या बरोबर वर, शेण! शेणाची देवी, तिला मातीच्या चांदण्या, मातीच्या बांगड्या, बाजूला चंद्र आणि सूर्य. तिकडे नवरात्रात बायका भिंतीवर अशी सांझी काढतात, पण ती अंगणातल्या भिंतीवर. ह्यांनी शेजारच्या बाईला तिची कला लोकांना दिसावी म्हणून घरात आणून काढायला लावली होती. माझी लेक सोफ्यावर नाकाला पदर लावून बसली होती. मी विचारलं, "हे काय?" व्याही म्हणाले, "प्रदर्शन." दुसऱ्या दिवशी ती बाई सांझी उतरवून तळ्यात सोडायला आली, तर हे भिंतीपुढे हात पसरून उभे. "मैं इसे तोड़ने नहीं दूँगा. ये कला है." बाई शांतपणे म्हणाली, "बाऊजी, माता ने घर जाना है. रास्ता छोड़ दो." तेव्हा कुठे बाजूला झाले. मग तिच्यामागोमाग तळ्यापर्यंत अनवाणी गेले आणि परतल्यावर जेवले नाहीत. भिंतीवरचा डाग मात्र त्यांनी कोणाला पुसू दिला नाही. पाहुण्यांना तो दाखवतात.

वरातीच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला त्यांना आवडला. मग काय, लग्नसराईत तो कुठे वाजवणार ते विचारून ठेवायचे आणि परक्याच्या वरातीत बँडच्या पुढे मागे पाहत, उलटे चालत राहायचे, म्हणजे बोटं नीट दिसतात. एकदा तसेच मांडवाच्या दारात पोचले. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाचे काका, म्हणून हार घातला. हे तो हार काढून क्लॅरिनेटवाल्याच्या गळ्यात घालून मोकळे. मुलाच्या बापाने ते पाहिलं. पुढचं मी सांगत नाही. लेकीने मला सांगितलं तेव्हा मी हातातलं लाटणं खाली ठेवून बसून घेतलं.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे सत्कार. आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम शाल आणि श्रीफळ दिल्याशिवाय संपत नाही, आणि हे त्यांच्या हाडात मुरलेलं. कलावंत दिसला की कपाळाला कुंकू, खांद्यावर शाल, हातात नारळ आणि पाकीट. शाली करोल बागेतून गठ्ठ्याने आणायच्या. नारळाची जबाबदारी माझ्यावर, कारण आर. के. पुरमला दक्षिणेकडच्या लोकांसाठी चांगले नारळ मिळतात. "विहीणबाई, शेंडीवाले आणा बरं, बोडके नकोत." मी म्हातारी मेट्रोने आणि पुढे ऑटोने नारळांची पिशवी घेऊन जायची. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, मातीची खेळणी करणारी, लग्नात गाणाऱ्या बायका, सगळ्यांना नारळ. ह्या लोकांनी असा सत्कार कधी पाहिलेला नव्हता. बाऊजींची काहीतरी साऊथची पद्धत असेल, असं समजून ते घ्यायचे. महाराष्ट्र त्यांच्या दृष्टीने साऊथच.

आता मुख्य गोष्ट. त्या भागात सांग म्हणून एक प्रकार असतो. आपल्या तमाशासारखा, गाऊन नाचून गोष्ट सांगायची, बायकांची सोंगं पुरुषच घेतात. जवळच्या खेड्यात अशी एक जुनी मंडळी होती. म्हातारा म्होरक्या सारंगी वाजवायचा आणि त्याचा मुलगा सतबीर नगारा. पंचविशीचा, लाजाळू, पण नगाऱ्यावर बसला की अंगात आल्यासारखा. व्याह्यांनी फाल्गुनात गावच्या धर्मशाळेत त्यांचा सांग ठेवला. गर्दी एवढी की लोक भिंतीवर चढून बसले. आमची नात मनू गुडगावला कंपनीत नोकरी करते, तीही आजोबांच्या हट्टापायी साडी नेसून आली होती. सांग संपल्यावर व्याह्यांनी सतबीरला पुढे बोलावलं. मनूच्या हातात तबक दिलं. सतबीरच्या कपाळाला कुंकू लावलं, शाल घातली, त्याच्या ओंजळीत नारळ ठेवला, त्यावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट ठेवलं, आणि माईकवर आपल्या हिंदीत घोषणा केली, "आज से सतबीर हमारे घर का बेटा है!"

मग बायकांच्या बाजूने गाणं सुरू झालं, एकीने धरलं आणि सगळ्या गायला लागल्या. व्याही माझ्या कानाशी म्हणाले, "पाहिलंत? लोककला कशी उत्स्फूर्त असते!" मला काही ते उत्स्फूर्त वाटेना. त्या बायका गाताना मनूकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा पीत होतो तेव्हा फाटकात माणसं. पागोटी बांधलेले पाच-सहा म्हातारे, पुढे सतबीरचा बाप, हातात लाडवांचा मोठा डबा. व्याह्यांना आनंद झाला. आभार मानायला आले, असं त्यांना वाटलं. म्हातारे बसले, पाणी प्याले. मग सतबीरचा बाप म्हणाला, "बाऊजी, रिश्ता हमें मंज़ूर है. बस इतना बता दो, छोरी नौकरी करेगी या छोड़ेगी."

"कौन-सी छोरी?" व्याह्यांनी विचारलं.

"वो ही जी, जो थाली ले के खड़ी थी."

मी कप खाली ठेवला. काल त्या बायका सोयरिकीचं गाणं गात होत्या, ते आत्ता कळलं. तिकडे मुलीच्या घरचे लोक मुलाला टिळा लावून नारळ आणि एक रुपया देतात, की सोयरीक पक्की. ह्या शहाण्या माणसाने भर गावात, मुलीला शेजारी उभी करून, माईकवरून स्वतःच्या नातीचं लग्न ठरवलं होतं. आणि मी ज्या नारळाची शेंडी निवडून आणली, तोच नारळ! मनू आतून आली, तिने ऐकलं आणि म्हणाली, "आजी यार, माझं लग्न ठरलं आणि मला साधा मेसेजसुद्धा नाही?" तिला हसू फुटत होतं. माझी लेक मात्र स्वयंपाकघरात नळ सोडून रडत होती.

व्याही खुर्चीतून उठले. मग हात जोडून म्हणाले, चूक झाली, आमच्यात हा सन्मान असतो, लग्नाशी त्याचा संबंध नाही. म्हाताऱ्यांपैकी कोणी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. सतबीरचा बाप डबा मांडीवर घेऊन म्हणाला, "हम समझ गए जी. पर गाँव नहीं समझेगा. लड़के का नारियल फिर जाए तो लोग कहते हैं, लड़के में खोट है." मग कळलं, सतबीरसाठी दुसऱ्या एका गावात बोलणी चालली होती. मुलाचं कालच दुसरीकडे ठरलं असं ऐकून त्या लोकांनी सकाळीच मागे घेतलं. म्हणजे इकडचंही गेलं आणि तिकडचंही. सतबीर फाटकाबाहेर मोटरसायकलला टेकून उभा होता, आत यायला तयार नव्हता. मनू त्याला पाणी द्यायला गेली तर बिचारा मान वर करीना.

व्याही मटकन बसले. "विहीणबाई, मी ह्या पोराचं भलं करायला गेलो होतो हो." मला त्यांचा राग आला होता, पण ते असे बसलेले बघवेनात. माझं हिंदी भाजीवाल्यांशी भांडून तयार झालंय, तेवढंच काढलं. सतबीरच्या बापाला विचारलं, "भाईसाब, ये नारियल किसी बुड्ढे को दिया तो शादी होती है क्या?"

तो हसला. "बुड्ढे से कौन छोरी ब्याहेगा जी?"

"और जिसकी घरवाली है, उसको दिया तो?"

"ना जी."

"तो फिर सबको देते हैं. तुमको भी. फिर सतबीर का नारियल कौन गिनेगा?"

मग तो डाव्या मिशीवरून हात फिरवत मान हलवायला लागला, आणि बाकीचे म्हातारेही.

पुढच्या रविवारी त्यांच्या खेड्याच्या चौपालीवर सगळे जमले. चौपाल म्हणजे गावच्या पुरुषांची बसायची जागा. बोलणी मोडलेल्या घरच्या लोकांनाही सतबीरच्या बापाने आवर्जून बोलावलं होतं. मी आणि मनूने मिळून पोतंभर नारळ नेले होते. व्याह्यांनी आधी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली, आमच्याकडे हा गुणाचा मान असतो आणि तो जन्मभर कलेची चाकरी केलेल्या कलावंतालाच पहिला द्यायला हवा होता, असं म्हणाले, आणि सगळ्यांत म्हाताऱ्या ढोलकवाल्यापासून सुरुवात केली. त्याला दिसत कमी होतं, दात एकही नव्हता. त्याच्या ओंजळीत नारळ पडला तसा मागून कोणी ओरडला, "ताऊ, तेरी भी सगाई हो ली!" कडेला बायकांत उभी असलेली त्याची म्हातारी घुंगटातून खणखणीत आवाजात म्हणाली, "ले जाओ जी इसे, मैंने बहुत संभाल लिया!" चौपाल कोसळली हसून. मग सारंगीवाल्याला, झांजवाल्याला, बायकांची सोंगं घेणाऱ्या दोघा मिशाळ बाप्यांना. व्याह्यांना जोर चढला की थांबवणं कठीण. सोंगांचे कपडे धुणाऱ्याला दिला, ट्रॅक्टर थांबवून गंमत पाहणाऱ्या परक्या माणसाला दिला, शेवटी बोलणी मोडलेल्या मुलीच्या बापालाही दिला. तो नारळ उलटसुलट करून पाहत सतबीरच्या बापाला म्हणाला, "अब तो मैं भी तुम्हारे घर का हो गया. बैठ के बात कर लें?"

अशी ती सोयरीक पुन्हा जुळली. लग्नही झालं. पण त्या लोकांची एक अट होती, मुलाने गाणंबजावणं सोडून पक्की नोकरी धरावी. सतबीर गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला, पाळीवर जातो. मी म्हटलं, बरं झालं, नगाऱ्यावर बायको पोसली जाते का? व्याही काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत, ह्याचा मला जेवढा धक्का बसला तेवढा शेणाच्या देवीचाही बसला नव्हता.

आता त्यांना दिसायला त्रास होतो, म्हणून मुलाने गुडगावला चौदाव्या मजल्यावर आणून ठेवलंय. कारखान्यात लागण्याआधी सतबीर आपला नगारा त्यांच्याकडे सोडून गेला. तो नगारा आता गॅलरीत असतो. जानेवारीत मी गेले तर व्याही खुर्ची टाकून त्याच्याजवळ बसलेले. मी विचारलं, "वाजवणारा नाही, तर हा उन्हात कशाला?"

"थंडीत कातडं सैल पडतं, विहीणबाई. रविवारी सतबीर आला आणि वाजवावंसं वाटलं, तर तयार नको?"

तो कुठल्या रविवारी आला होता, ते मी विचारलं नाही. बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. गुडगावचं हिवाळ्यातलं ऊन ते केवढं, समोरच्या इमारतीमागे जायला लागलं होतं. मी नगारा पायाने थोडा उन्हाकडे ढकलला. डोळे न उघडता ते म्हणाले, "वाद्याला पाय लावू नये." खरं आहे ते. मग वाकून दोन्ही हातांनी सरकवला. चांगला जड आहे. माझी कंबर आठवडाभर दुखत होती.